कागदावरची चमक

जलरंगाच्या या कागदाकडे जरा तिरक्या नजरेनं बघा. त्यावर नुकताच पाण्याचा हात फिरवलाय आणि तो आरशासारखा चमकतोय. आत्ता रंग सोडला, तर तो मनाला येईल तसा पसरेल. धुकं किंवा पावसाळी आभाळ रंगवायची हीच वेळ.

थोड्या वेळानं चमक मंदावते. आता कडा मऊ राहतात, पण आकार हरवत नाही. ढगाची पोटं, पाण्यातली प्रतिबिंबं इथे साधतात. फक्त ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी हवं. जास्त झालं, की ते अर्धवट सुकलेल्या रंगाचे कण पुढे ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दातेरी कड उमटते. जलरंगातली बरीच चित्रं इथेच बिघडतात! त्या वेळी या कडेला हात लावू नका, डाग आणखी वाढेल.

सपाट वॉशसाठी, म्हणजे पातळ रंगाच्या एकसारख्या थरासाठी, कागदाखालचा बोर्ड साधारण 15 अंश कलता ठेवा आणि रंग गरजेपेक्षा जास्त कालवून घ्या. ब्रशच्या प्रत्येक पट्ट्याखाली रंगाची ओळ साचते, तिला पुढच्या पट्ट्यानं खाली ओढत न्यायचं. तळाशी उरलेली ओळ पिळलेल्या ब्रशनं टिपली नाही, तर ती वर परतते आणि पुन्हा तीच दातेरी कड! रंग सुकल्यावर फिका पडतो, म्हणून तो थोडा गडदच लावायचा.

उन्हात चमचमणारं पाणी मात्र कोरड्या कागदावरच उतरतं. खरबरीत कागद घ्या, ब्रश फडक्यावर टिपा आणि आडवा धरून झपकन ओढा. रंग उंचवट्यांना लागतो, खळगे पांढरे राहतात. तो पांढरा कागदाचाच असतो. पारदर्शक जलरंगात तो आधीच राखावा लागतो.

फुलापानांच्या अभ्यासचित्रांना गुळगुळीत कागद आणि पातळ थर लागतात. थर कसे चढतात ते पाहायला जर्मन चित्रकार ड्यूररनं 1502 मध्ये रंगवलेला ससा बघा : आधी मोठे वॉश, मग त्यावर एकेक केस, आणि उजेडाच्या जागी अपारदर्शक पांढरा.

अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग एकत्र केले, की सुंदर दाणेदार करडा मिळतो. चुकलं, तर अल्ट्रामरीन ओल्या ब्रशनं बराचसा उचलता येतो. थॅलो निळा कागदात मुरतो, तो निघत नाही.

पुढचा थर देण्याआधी हाताची मागची बाजू कागदाला लावा. गार लागला, तर आत अजून ओल आहे.