पाण्याचं देऊळ: झाडीपट्टीची मंडळी बालीत (फिल्मचं निवेदन)

पाटात आडवं टाकलेलं हे लाकूड दिसते ना, त्याच्यावरच्या खाचा नीट बघा. एक खाच रुंद, बाजूची तिच्या अर्धी. वरून पाणी येते आणि खाचेच्या मापानं आपोआप वाटलं जाते, ज्याच्याकडं शेती जास्त त्याला रुंद खाच, कमी त्याला अरुंद. मोटर नाही, मीटर नाही, रात्री टॉर्च घेऊन कोणाचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, फोडायला जायची गरज नाही. बालीत याला तेंबुकु म्हणतात. आणि तिथं वाकून बोटानं खाच मोजून राहिले ते आमचे काकाजी, साकोली भागातले, सारा जन्म धानात गेलेला माणूस.

भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातली ही भजनी मंडळी देवदर्शनाला म्हणून निघाली होती. इंडोनेशियातलं बाली हे बेट विषुववृत्ताच्या थोडं खाली, बाराही महिने गरम आणि दमट, आणि इथले बहुतेक लोक हिंदू. जगभरातून लोक इथं समुद्र बघायला येतात. आपल्या मंडळींनी समुद्रही बघितला, पण कॅमेरा जास्त वेळ जिथं थांबला ते पाणी गोडं होतं.

सकाळची वेळ आहे. ओसरीवर बसून या आजी नारळाच्या कोवळ्या पानाची चौकोनी परडी विणून राहिल्या. याला चनांग सारी म्हणतात. परडीत फुलं ठेवायची तीही दिशा बघून, पूर्वेला पांढरं, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळं, उत्तरेला निळं नाहीतर हिरवं. आणि फुलांच्या खाली काय आहे ते बघा, पान, चुना, सुपारी. ते बघितलं आणि आमच्या मावशी तिथंच मांडी घालून बसल्या. आजींना मराठी येत नाही, मावशींना बालीची भाषा येत नाही, तरी तिसरी परडी मावशींनी बरोबर विणली. घरोघर रोज हेच चालते, देव्हाऱ्यात, दुकानाच्या दारात, फुटपाथवर, मोटरसायकलवरसुद्धा परडी ठेवलेली दिसते.

हे तीर्थ एम्पुल, ताम्पाकसिरिंग गावातलं. देवळाच्या आतच जमिनीतून झरा फुटतो, तळाशी वाळू उकळल्यासारखी हलताना दिसून राहिली बघा. हे देऊळ इसवी सन 962 चं मानतात. झऱ्याचं पाणी दगडी तोट्यांमधून कुंडात पडते आणि लोक कमरेला वस्त्र गुंडाळून रांगेनं एकेका धारेखाली डोकं धरतात. या विधीला मेलुकात म्हणतात. मृतांच्या विधीसाठीच्या धारा तेवढ्या सोडायच्या, बाकी सगळ्यांखाली जायचं.

(इथं निवेदन नाही, फक्त पाण्याचा आवाज आणि मंडळींचे चेहरे.)

पण काकाजींनी आंघोळ झाल्या झाल्या विचारलं, हे पाणी पुढं जाते कुठं जी? आमच्या मते या सगळ्या ट्रिपमधला सगळ्यात मोठा प्रश्न हाच होता. पाणी जाते पाकेरिसान नदीच्या खोऱ्यात आणि तिथून खालच्या धानात. म्हणजे ज्या पाण्यानं माणूस शुद्ध होते त्याच पाण्यावर रोवणी होते.

आता इथून थोडं सविस्तर सांगावं लागेल.

बालीत एका पाटाच्या पाण्यावर ज्यांची ज्यांची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, भिजते त्या सगळ्या शेतकऱ्यांची एक मंडळी असते, तिला सुबक म्हणतात. ही पद्धत हजार वर्षांच्या आसपास जुनी आहे, अकराव्या शतकातल्या लेखात तिचं नाव सापडते. सुबकचा जो प्रमुख त्याला पेकासेह म्हणतात आणि त्याला शेतकरीच निवडतात. नियम ठरलेले असतात, पाट साफ करायला कोण कधी येणार, नाही आला तर दंड काय, पाणी चोरलं तर काय. आणि प्रत्येक टप्प्यावर देऊळ आहे. जिथं नदीला बांध घातला तिथं एक, जिथं पाट फुटतो तिथं एक, आणि शेवटी प्रत्येकाच्या शेतात पाणी शिरते त्या कोपऱ्यावर हे एवढंसं देव्हाऱ्यासारखं. धानाची देवी इथं देवी श्री. मावशींनी पदराच्या गाठीतलं कुंकू काढून तिथं लावलं ते शॉट आम्ही कापले नाहीत, पूर्ण ठेवले आहेत.

सगळ्यात वर आहे बातुरचं सरोवर, ज्वालामुखीच्या तोंडातलं, आणि त्याचं देऊळ पुरा उलुन दानु बातुर. सरोवराची देवी दानु. खालच्या कितीतरी सुबकांचे लोक या देवळाला मानतात, नैवेद्य घेऊन येतात, आणि खोऱ्यातल्या देवळांमध्ये मिळूनच ठरते की यंदा कोणत्या पट्ट्यात धान आधी लागणार आणि कोणता पट्टा तोवर पडीक राहणार. हे फक्त पूजेपुरतं नाही. सगळ्यांनी एकाच दिवशी चिखलणी काढली तर पाणी पुरत नाही, आणि ज्यानं त्यानं आपल्या मनानं लावलं तर किडीला बारा महिने कुठं ना कुठं हिरवं धान भेटते. म्हणून एक मोठा पट्टा एकदमच रोवायचा, एकदमच कापायचा, आणि मग सगळा एकदमच मोकळा ठेवायचा. किडीला खायलाच काही उरत नाही.

1970 च्या दशकात तिथल्या सरकारनं सांगितलं की नवीन बियाणं घ्या, खत घ्या, जेवढ्या वेळा जमेल तेवढ्या वेळा धान लावा, देवळाचं वेळापत्रक बघू नका. आणि तुडतुडा आला. हो, तोच तपकिरी तुडतुडा ज्याच्यापायी आपल्याकडं उभं धान पेटवून द्यायची पाळी आलेली. पुढं स्टीफन लान्सिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं कॉम्प्युटरवर या खोऱ्यांचं मॉडेल करून दाखवलं की देवळांचं जुनं नियोजनच पाणी आणि कीड दोन्ही सांभाळणारं होतं. 2012 साली युनेस्कोनं सुबकचा हा सगळा मुलूख जागतिक वारशात घेतला.

हे जातिलुविहचे डोंगर, पायरी पायरीनं उतरलेलं धान. इथं लाल तांदूळ होते, पाच-सहा महिने घेते. पेकासेहच्या शेजारी धुऱ्यावर बसून काकाजी त्यांना मोबाईलमधला एक फोटो दाखवून राहिले. फोटो आपल्या मामा तलावाचा आहे.

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यातले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी उतार बघून, ओढा बघून, मातीची पाळ टाकून ते बांधले, एकाचं पोट भरलं की पाणी खालच्या तलावात जाईल अशा साखळीनं. नवेगाव बांध त्यातलाच, कोलू पाटील कोहळींनी बांधलेला. पाळीच्या डागडुजीला गाव जायचं, पाण्याच्या पाळ्या गाव ठरवायचं, मासोळी गावाची. पाळीवर देव असायचाच, आजही आहे, ड्रोनच्या शॉटमध्ये झाडाखाली शेंदूर दिसते. मग 1951 मध्ये मालगुजारी गेली, ती जायलाच पाहिजे होती त्यात वाद नाही, पण तलाव सरकारकडं गेले आणि गावाचा हात सुटला. गाळ भरला, बेशरम नावाची झुडपं माजली, तलावाच्या पोटातल्या जमिनीवर कोणी कोणी वाही, म्हणजे शेती, करून बसलं. देव पाळीवर राहिला आणि पाण्याची बैठक बंद पडली. बालीत या दोन गोष्टी कोणी वेगळ्या होऊच दिल्या नाहीत, आमच्या मते सगळा फरक एवढाच आहे.

संध्याकाळी उलुवातूच्या कड्यावर केचाक. खाली समुद्र, वर गोल बसलेले पुरुष, एकही वाद्य नाही, नुसत्या तोंडाच्या चाक-चाक आवाजावर रामायण उभं करतात. आमच्या मंडळींमध्ये मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, दंडार हा नाचगाण्याचा लोकखेळ केलेले दोघं आहेत, त्यांचे पाय बघा, बसल्या जागी ताल धरून राहिले.

तिथंही सगळं सुखाचं नाही, हॉटेलं आणि व्हिला धानात शिरून राहिले, पोरं शेती सोडून राहिली, सुबकांचं पाणी कमी होऊन राहिलं.

गावात परतल्यावर मंडळींनी ग्रामसभेत तलावाचा विषय काढला, ठराव झाला, श्रमदानातून एका बाजूची बेशरम निघाली. काकाजींनी सुताराकडून खाचांचं लाकूड करून घेतलं आणि दोन शेजाऱ्यांच्या पाटात बसवलं. आता तलावाखाली कोणाकोणाची किती बांधी भिजायची याची यादी जुन्या लोकांना विचारून तयार होऊन राहिली, ती झाली की सगळ्या पाटाच्या खाचा ठरतील.