सोन्याचा कण, कार्बनची जाळी

सिलिकॉनच्या या चकतीवर ग्राफीन आहे. कार्बन अणूंचा एकच थर, जाडी सुमारे ०.३३५ नॅनोमीटर. २००४ साली मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांच्या चमूने चिकटपट्टीनं ग्रॅफाइटचे पापुद्रे सोलत असाच थर मिळवला होता.

पण हा थर खरंच एकच आहे का? ते लेझर सांगतो.

हिरवा झोत पडतो. विखुरलेला बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा असतो. कोटीत एखादा फोटॉन (प्रकाशकण) मात्र अणूंच्या थरथरीला थोडी ऊर्जा देऊन, रंग बदलून येतो. १९२८ मध्ये कलकत्त्यात रामन आणि कृष्णन यांनी पाहिलेला परिणाम तो हाच.

परतलेल्या प्रकाशाचा आलेख, म्हणजे वर्णपट, पडद्यावर उमटतो. त्यात रंग किती बदलला त्याचे आकडे (एकक सेंटीमीटर⁻¹) आडव्या अक्षावर असतात आणि दोन शिखरं दिसतात. १५८० च्या आसपास ‘जी’, २७०० च्या आसपास ‘टू-डी’. (या नावाचा द्विमितीशी संबंध नाही. जाळीतले दोष दाखवणारं ‘डी’ शिखर १३५० जवळ असतं, त्याच्या दुप्पट म्हणून टू-डी.) टू-डी एकसंध, अणकुचीदार आणि जीपेक्षा उंच असेल, तर थर एकच.

एका थराच्या मानानं ग्राफीन चांगलंच बोलकं आहे. तरी अणूच मोजके, त्यामुळे आवाज बारीकच.

आता त्यावर सोन्याचे नॅनोकण ठेवू. प्रकाश पडताच कणातले इलेक्ट्रॉन एका लयीत हेलकावतात आणि कणाला लागून विद्युतक्षेत्र एकवटतं. ते येणारा प्रकाश वाढवतं, तसाच परत जाणाराही. म्हणून क्षेत्र दहापट झालं, तर संकेत जवळजवळ दहा हजारपट होतो! अर्थात, फक्त तेवढ्याच जागी. काही नॅनोमीटर दूर गेलं की सगळं ओसरतं. लेझरचा ठिपका त्या मानानं अवाढव्य, त्यात बरंचसं ग्राफीन उघडंच. प्रत्यक्ष मोजलेली वाढ त्यामुळे खूप कमी भरते.

दिशाही महत्त्वाची. ग्राफीन प्रतिसाद देतं ते आपल्या पातळीत आडव्या असलेल्या क्षेत्राला. शेजारी ठेवलेल्या दोन कणांमधल्या फटीत ते नेमकं तसं मिळतं.

मला यातली खरी गंमत उलटीकडून वाटते. धातूच्या मदतीनं संकेत वाढवण्याची ही युक्ती एरवी खडबडीत धातूवर चिकटलेल्या रेणूंसाठी वापरली, तर ते रेणू किती आणि धातूपासून किती लांब, याचा अंदाजच बांधावा लागतो. ग्राफीन सपाट, जाडी ठाऊक. त्यामुळे इथे ग्राफीनच कणांची परीक्षा घेतं.

कण मात्र निव्वळ कर्णा नसतो. सोनं आणि ग्राफीन यांच्यात इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण होते, जाळीला ताण बसतो, कधी धातू चढवतानाच ती दुखावते. म्हणून त्याच जागेचा आधीचा वर्णपट जपून ठेवलेला असतो.

लेझर पुन्हा त्याच खुणेवर. जी शिखर उंचावलंय. आणि किंचित सरकलंयही.