एलडीपी सेशन येत नाही? पिंग कुठून मारलात ते आधी सांगा

नमस्कार मंडळी. एमपीएलएस म्हणजे आयपीऐवजी लेबल बघून पॅकेट पुढे पाठवणं, आणि ती लेबलं राउटर एकमेकांना सांगतात एलडीपीने: आधी हॅलो मेसेजने शेजारी शोधायचा, मग त्याच्याशी सेशन उभं करायचं. एमपीएलएसच्या व्हिडिओखाली तोच प्रश्न परत परत येतोय, की सर हॅलो येतायत, डिस्कव्हरीत समोरचा राउटर दिसतोय, पण शो एमपीएलएस एलडीपी नेबर मारलं की रिकामं. म्हटलं, एकदा बसून बोलूनच टाकू.

बेसिक पटकन उरकतो. इंटरफेसवर एमपीएलएस आयपी लावलं की राउटर यूडीपी ६४६ वर २२४.०.०.२ ला दर ५ सेकंदांनी हॅलो टाकतो, १५ सेकंद समोरून काही आलं नाही की नेबर गेला. झालं, पुढे.

आता अडतं कुठे ते बघा. हॅलो मल्टिकास्ट आहे, तो त्या लिंकवरच फिरतो, त्याला राउटिंग टेबलशी काही देणंघेणं नाही. पण सेशन टीसीपीचं, पोर्ट तोच ६४६, आणि ते उभं राहतं ट्रान्सपोर्ट अ‍ॅड्रेसवर. हा अ‍ॅड्रेस हॅलोमधूनच कळतो आणि सिस्कोवर डिफॉल्टने तो म्हणजे एलडीपीचा राउटर आयडी, म्हणजे बहुतेक वेळा लूपबॅकचा (केबल नसलेल्या, नुसत्या सॉफ्टवेअरमधल्या इंटरफेसचा) आयपी. त्या लूपबॅकचा रूट समोरच्याकडे नसेल तर हॅलो दिवसभर येत राहतील, सेशन काही येणार नाही.

यावर ठरलेलं उत्तर, "पण पिंग जातोय सर." अरे कुठून कुठे जातोय? साधा पिंग मारलात की सोर्स लागतो बाहेर जाणाऱ्या इंटरफेसचा, त्याचा रूट असतोच, तो चालणारच. सोर्स लूपबॅक द्या, डेस्टिनेशन समोरचा लूपबॅक द्या, मग बोलू.

एकदा रात्री असाच फोन आला. दोन टीम, दोघंही म्हणतायत आमच्या बाजूने सगळं ओके, ओएसपीएफ (राउटरांमध्ये रूट वाटणारा प्रोटोकॉल) फुल, पिंग चालू, काल रात्री एक राउटर रीलोड केला तेवढंच. म्हटलं शो एमपीएलएस एलडीपी डिस्कव्हरी मारा आणि वाचून दाखवा. एक्समिट-रीसीव्ह दोन्ही आहे, म्हणजे हॅलो जातायत आणि येतायतही, आणि एलडीपी आयडीच्या पुढे बारीक दोन शब्द, "नो रूट". कोणीतरी मॉनिटरिंगसाठी नवीन लूपबॅक टाकला होता, त्याचा आयपी सगळ्यात मोठा, रीलोडनंतर राउटर आयडी तोच झाला, आणि ओएसपीएफमध्ये तो घेतलेलाच नाही. आउटपुट समोर होतं हो, कोणी शेवटपर्यंत वाचलं नव्हतं.

तीच गोष्ट एसीएलमध्ये, म्हणजे कुठलं पॅकेट सोडायचं, कुठलं अडवायचं त्या यादीत. ज्याचा ट्रान्सपोर्ट अ‍ॅड्रेस मोठा तो टीसीपी कनेक्शन सुरू करतो, त्याच्या बाजूचा पोर्ट कुठलाही असतो, समोरचा ६४६. म्हणजे परतीच्या पॅकेटात ६४६ सोर्सला बसतो. तुम्ही एसीएलमध्ये फक्त डेस्टिनेशन ६४६ परमिट करून ठेवलंत तर जाणारं गेलं आणि येणारं अडकलं. आणि पुन्हा तेच, आयपी लूपबॅकचे हवेत, लिंकचे नाहीत. लिंकचे आयपी टाकलेले एसीएल मी इतके बघितलेत की आता आधी तेच विचारतो.

एकाने कमेंटमध्ये लिहिलंय, "सरळ क्लिअर मारायचं, येतं." भाऊ, जे सेशन उभंच नाही ते क्लिअर काय करणार?

पासवर्डचं एका वाक्यात: एमडी५ पासवर्ड एकाच बाजूला असेल किंवा जुळत नसेल तर लॉगमध्ये टीसीपीचा बॅडऑथ मेसेज येतो, तो दिसला की राउटिंगच्या मागे लागू नका.

आणि राउटर आयडी हाताने बांधून टाका, एमपीएलएस एलडीपी राउटर-आयडी लूपबॅक० फोर्स. फोर्स नाही लावलात तर जुना आयडी तसाच चालू राहतो आणि मग तुम्ही म्हणता कमांड घेतली नाही. लावलात तर आयडी तिथल्या तिथे बदलतो आणि त्या राउटरची चालू असलेली एलडीपी सेशन्स पडतात, सगळी, त्यामुळे भर दुपारी कोअर राउटरवर हे करून मला कमेंट टाकू नका, मेंटेनन्स विंडो घ्या.