व्हीगन ब्राउनी ओलसर कशी होते

नमस्कार, श्रोतेहो. बिनअंड्याचा केक पुण्यातल्या घरांना नवीन नाही. पण व्हीगन म्हटलं की अंड्यासोबत दूध, लोणी, दहीही बाद होतं. मग घरची ब्राउनी एकतर कोरडी होते नाहीतर मधे गिच्च राहते, आणि खापर फुटतं अंडं नसण्यावर. माझ्या मते बहुतेक वेळा चूक मैद्यात असते. दाबून भरलेल्या वाटीत सैल भरलेल्या वाटीपेक्षा सहज पावपट मैदा जास्त बसतो. म्हणून कृपा करून काट्यावर मोजा. 8 इंची चौकोनी टिनला 120 ग्रॅम मैदा, 40 ग्रॅम कोको, 200 ग्रॅम साखर, 100 ग्रॅम डार्क चॉकलेट आणि 80 मिली तेल. साखर कमी करायचा मोह आवरा, ओलावा तीच धरून ठेवते. चॉकलेटच्या वेष्टनावर मिल्क सॉलिड्स नाहीत ना, तेही वाचून घ्या.

अंड्याच्या जागी जवस. मंडईत मिळतं, वाण्याकडेही मिळतं. चटणीला आपण ते भाजतो, इथे मात्र कच्चंच बारीक दळा. 2 मोठे चमचे पूड 6 चमचे पाण्यात कालवून पंधरा मिनिटं ठेवा. चमचा वर उचलल्यावर तार लोंबली पाहिजे. जवसाच्या सालीतला हा चिकटपणाच मिश्रण बांधून ठेवतो. तार येत नसेल तर पूड जाड राहिली आहे, पुन्हा मिक्सरमधून काढा.

आता चॉकलेट, तेल आणि 60 मिली गरम कडक कॉफी एकत्र करून त्यात साखर घाला आणि दोन-तीन मिनिटं चांगली घोटा. साखर जितकी विरघळेल तितकी वरची पातळ, चकचकीत पापडी यायची शक्यता जास्त. मग जवस, शेवटी चाळलेला मैदा आणि कोको, चिमूटभर मीठ. मैदा पडला की हात आवरा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा, नाहीतर ब्राउनी चिवट होते. बेकिंग पावडर मी घालतच नाही. तिने केक फुगतो, आणि आपल्याला केक नको आहे.

ओव्हन आधी 180 अंशांवर पुरता तापू द्या. 22 मिनिटांनी काडी घालून पाहा. काडीला ओले कण चिकटले तर बाहेर काढा. पातळ पीठ आलं तरच आणखी तीन-चार मिनिटं.

खरी परीक्षा यानंतर आहे. अंड्यातलं प्रथिन उष्णतेने घट्ट होतं, जवसाचा चिकटपणा तसा होत नाही. ही ब्राउनी मैद्यातल्या स्टार्चवर उभी राहते, आणि स्टार्चची पकड निवताना येते. म्हणून गरम असताना ती कच्ची वाटते. घाबरून परत आत ठेवली की संपलं, दुसऱ्या दिवशी ती कोरडी ठणठणीत होते. टिनमध्येच पूर्ण निवू द्या, निदान दोन तास. रात्री करून सकाळी कापली तर फारच छान.

तेलाचंही सांगते. खोबरेल तेल 24 अंशांच्या आसपास गोठतं. पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी त्यातली ब्राउनी वडीसारखी घट्ट लागते, मे महिन्यात तीच मऊ. बारमाही सारखी हवी असेल तर सूर्यफुलाचं रिफाइंड तेल घ्या. हिवाळ्यासाठी खोबरेलच हवं असेल, तर खायच्या आधी तुकडे थोडा वेळ उन्हाच्या खिडकीत ठेवा.