कुठवर आलो, ते कोण लक्षात ठेवतं?

(पडद्यावर: तीन नोड आणि त्यांना जोडणारे बाण.)

तीन नोडची, म्हणजे एकेक वस्तू ठेवणाऱ्या तीन डब्यांची, ही लिंक्ड लिस्ट. पहिल्यात १०, दुसऱ्यात २०, तिसऱ्यात ३०. आपल्या पुढे कोण आहे, एवढंच प्रत्येक नोडला ठाऊक. आपल्याला या लिस्टवरून एक साधा लूप फिरवायचाय. आणि अट अशी, की लूप लिहिणाऱ्याला नोड, बाण, यातलं काहीही माहीत असायची गरज पडता कामा नये. त्याच्या हाती क्रमाने १०, २०, ३० पडले की झालं.

ही अट १९७०च्या दशकात गांभीर्याने घेतली गेली. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांचे विद्यार्थी क्लू नावाची भाषा घडवत होते. डेटा स्ट्रक्चरचं आतलं काम झाकून ठेवायचं आणि ठरवून दिलेल्या क्रियांमधूनच बाहेरच्यांनी त्याला हात लावायचा, हे त्या भाषेचं धोरण. पण आतलं झाकलं, तर आत साठवलेली एकेक वस्तू बाहेर दाखवायची कशी? सगळ्या वस्तूंची एका ॲरेत नक्कल करून द्यावी, तर मेमरी दुप्पट लागते. शिवाय पहिल्या दोनच वस्तू पाहून कुणी थांबला, तर बाकीची मेहनत फुकट जाते.

क्लूने दिलेलं उत्तर आजही टिकून आहे. एक वस्तू द्यायची, आहे तिथेच थांबायचं, पुढची मागणी आली की तिथूनच पुढे निघायचं. याचं नाव इटरेटर. वस्तू देऊन थांबण्यासाठी क्लूने यील्ड हा शब्द वापरला, आणि आज पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये जनरेटर, म्हणजे असं थांबत थांबत वस्तू देणारं फंक्शन, लिहिताना आपण तोच लिहितो. लिस्कोव्ह यांना संगणकशास्त्रातला २००८चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आता सगळी मेख पाहा. थांबून पुन्हा तिथूनच निघायचं, तर आपण कुठवर आलो हे कुणीतरी लक्षात ठेवायला हवं. ते कुणी? इटरेटर लिहिताना विचार करावा असा हाच एक प्रश्न आहे, असं मी म्हणेन. सिंटॅक्स भाषेगणिक बदलतो, तो पाठ होऊन जातो.

पुस्तक आणि पुस्तकातली खूण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकच पुस्तक दोघं वाचत असतील, तर खुणाही दोन लागतात. पर्ल भाषेतल्या हॅशमध्ये, म्हणजे की (नाव) आणि व्हॅल्यू अशा जोड्यांच्या साठ्यात, मात्र ही खूण हॅशच्याच पोटात असते. ईच हे फंक्शन दर कॉलला एक की आणि तिची व्हॅल्यू देतं, पण एका हॅशला खूण एकच. लूपमधून मध्येच बाहेर पडलात, तर खूण तिथेच राहते. नंतर त्याच हॅशवर कुणी ईच वापरलं, की त्याची सुरुवात मधूनच होते.

अगदी हीच चूक पायथनमध्ये हाताने करता येते, आणि नवशिके ती हमखास करतात.

(पडद्यावर: लिस्टचा क्लास. आत ‘सध्याचा नोड’ नावाचं व्हेरिएबल.)

पायथनचा फॉर लूप आधी लिस्टच्या आयटर मेथडला कॉल करतो. ती जो ऑब्जेक्ट देईल, त्याच्या नेक्स्ट मेथडला पुन्हा पुन्हा कॉल करत राहतो. वस्तू संपल्या की नेक्स्टने स्टॉप-इटरेशन हे एक्सेप्शन उठवायचं. एवढाच करार. या क्लासमध्ये आयटर मेथड काय करते? ‘सध्याचा नोड’ पहिल्या नोडवर नेते आणि सेल्फ परत देते. म्हणजे लिस्ट स्वतःच स्वतःचा इटरेटर झाली. एकच लूप फिरवा, सगळं नीट चालतं.

आता लूपच्या आत त्याच लिस्टवर दुसरा लूप टाका. सगळ्या जोड्या हव्यात, म्हणजे नऊ. बाहेरच्या लूपने १० घेतला. आतला लूप सुरू झाला आणि त्याने खूण पुन्हा पहिल्या नोडवर नेली. १०-१०, १०-२०, १०-३०. आतला लूप संपला तेव्हा खूण लिस्टच्या शेवटाला पोहोचली होती. बाहेरचा लूप पुढची वस्तू मागतो, तर उत्तर येतं की वस्तू संपल्या. नऊऐवजी तीन जोड्या मिळाल्या, आणि कुठेही एरर नाही. अशी चूक मुकाट्याने चुकीचं उत्तर देते म्हणून मला ती एररपेक्षा घातक वाटते.

उपाय सोपा आहे. आयटर मेथडने दर वेळी नवा, छोटासा ऑब्जेक्ट द्यायचा. खूण त्या ऑब्जेक्टमध्ये. लिस्टला खुणेचा पत्ताही नको.

लुआ भाषेत तर क्लासचीही गरज पडत नाही. ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोच्या पोंटिफिकल कॅथलिक विद्यापीठात १९९३ साली जन्मलेल्या या भाषेत २००३च्या ५.० आवृत्तीपासून फॉर लूप कुठलंही फंक्शन इटरेटर म्हणून चालवून घेतो. बाहेरचं फंक्शन लिस्ट घेतं, पहिला नोड एका लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवतं आणि आतलं फंक्शन रिटर्न करतं. आतलं फंक्शन दर कॉलला त्या नोडची व्हॅल्यू देतं आणि व्हेरिएबल एक नोड पुढे सरकवतं. हे झालं क्लोजर: बाहेरचं व्हेरिएबल सोबत बाळगणारं फंक्शन. सात-आठ ओळींत इटरेटर पूर्ण, आणि बाहेरचं फंक्शन दोनदा कॉल केलं की दोन स्वतंत्र खुणा. फक्त एक सांभाळायचं. लुआमध्ये पहिली व्हॅल्यू निल, म्हणजे ‘काही नाही’, आली की लूप संपतो. तुमच्या नोडमध्ये निल असू शकत असेल, तर आधी नोड स्वतः द्या, मग व्हॅल्यू.

पायथनमध्ये आयटर-नेक्स्टचा करार आणि जनरेटर दोन्ही २.२ आवृत्तीत, डिसेंबर २००१मध्ये आले. त्याआधी फॉर लूप शून्य, एक, दोन असे इंडेक्स मागत जायचा आणि इंडेक्स-एरर आला की थांबायचा. ॲरेसारख्या लिस्टला हे ठीक. लिंक्ड लिस्टमध्ये मात्र प्रत्येक इंडेक्ससाठी पहिल्या नोडपासून चालत यावं लागतं. १००० नोड असतील, तर जवळपास ५ लाख पावलं. खूण लक्षात ठेवली की तेच काम १००० पावलांत होतं.

(पडद्यावर: बायनरी ट्री. वर ५०, डावीकडे ३०, उजवीकडे ७०. ३०च्या खाली २० आणि ४०.)

लिस्टमध्ये खूण म्हणजे एक नोड. ट्रीमध्ये तेवढ्याने भागत नाही. इथे चढत्या क्रमाने २०, ३०, ४०, ५०, ७० हवेत. २० देऊन झाल्यावर पुढे ३०, पण २०कडून ३०कडे जाणारा बाणच नाही. बाण फक्त खाली जातात. म्हणून वाटेत कोणाला मागे ठेवून आलो, ते साठवायला स्टॅक लागतो, म्हणजे शेवटी ठेवलेलं आधी निघणारी चळत.

सावकाश पाहू. सुरुवातीला वरून डावीकडे उतरत जायचं आणि भेटेल तो नोड स्टॅकवर ठेवायचा. ५०, ३०, २०. पहिली मागणी आली. वरचा नोड काढा, २० द्या. त्याला उजवं मूल नाही. दुसरी मागणी. ३० काढा. त्याच्या उजवीकडे ४० आहे, तो स्टॅकवर ठेवा. त्याला डावं मूल असतं तर तेही वर गेलं असतं. ३० द्या. तिसऱ्या मागणीला ४०. चौथ्या मागणीला ५० निघतो आणि ७० स्टॅकवर चढतो. पाचव्या मागणीला ७०. स्टॅक रिकामा झाला, ट्री संपला.

स्टॅकवर एका वेळी ट्रीच्या उंचीपेक्षा जास्त नोड कधीच नसतात. दहा लाख नोडचा पूर्ण भरलेला ट्री असेल, तर उंची साधारण २०. दहा लाख वस्तूंतून फिरायला २० नोडची आठवण पुरते. ही गोष्ट मला आजही सुंदर वाटते.

जनरेटरने हेच चार-पाच ओळींत होतं: डाव्या बाजूचं सगळं यील्ड फ्रॉम, मग स्वतःची व्हॅल्यू, मग उजव्या बाजूचं सगळं. स्टॅक दिसत नाही, कारण तो थांबलेल्या फंक्शन्सच्या रूपात भाषाच सांभाळते. वाचायला हे फारच छान. पण खोलातली प्रत्येक व्हॅल्यू वरच्या सगळ्या जनरेटरमधून वर येते, आणि एकाच बाजूला वाढत गेलेला ट्री पायथनची रिकर्शनची, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच कॉल करत जाण्याची, १०००ची ठरलेली मर्यादा ओलांडू शकतो. ट्री समतोल असेल तर मी जनरेटरच लिहीन. त्याची खात्री नसेल तर हाताने स्टॅक.

लूप चालू असताना डेटाच बदलला तर? पायथनच्या लिस्टमध्ये २, ४, ५, ६ आहेत आणि फिरता फिरता सम संख्या काढायच्या आहेत. २ काढला, बाकीचे एक घर मागे सरकले, खूण मात्र पुढच्या घरावर गेली. ४ बघायचाच राहिला. लिस्टमध्ये उरतात ४ आणि ५. डिक्शनरीचा, म्हणजे पायथनमधल्या हॅशचा, आकार असा मध्येच बदलला, तर पायथन रनटाइम-एरर देतो, हे बरं. लुआच्या टेबलमध्ये फिरताना असलेल्या कीला निल देऊन ती काढायला परवानगी आहे, नवी की घालायला नाही. स्वतःचं डेटा स्ट्रक्चर लिहिताना एक बदल-क्रमांक ठेवा, प्रत्येक बदलाला तो वाढवा, आणि नेक्स्टमध्ये तो जुळत नसेल तर लगेच एरर द्या.

राहिला मध्येच सोडून दिलेला लूप. इटरेटर फाइलमधून एकेक ओळ देतोय, हवी ती ओळ सापडली, ब्रेक. फाइल बंद करणारी ओळ इटरेटरच्या शेवटी होती आणि तिथवर कुणी गेलंच नाही. जावास्क्रिप्टचा फॉर-ऑफ लूप अशा वेळी इटरेटरच्या रिटर्न मेथडला कॉल करतो. लुआच्या २०२०च्या ५.४ आवृत्तीत फॉर लूप बंद करायच्या वस्तूसाठी एक जादा, चौथी व्हॅल्यू घेतो, आणि कसंही बाहेर पडलं तरी ती बंद करतो. पायथनच्या जनरेटरला क्लोज मेथड आहे, पण फॉर लूप ब्रेक झाल्यावर ती स्वतःहून कॉल करत नाही. म्हणून तिथे फाइल उघडणं लूप लिहिणाऱ्याकडेच ठेवावं, संपताना फाइल आपोआप बंद करणाऱ्या विथ ब्लॉकमध्ये, आणि इटरेटरच्या हाती उघडलेली फाइल द्यावी.