जामखेड : गावाच्या हाती आलेला दवाखाना

(पडद्यावर : बालाघाटच्या उतारावरची ज्वारीची रानं. जामखेडकडे निघालेली एसटी.)

नगरहून आष्टीमार्गे बीडकडे जाताना वाटेत जामखेड लागतं. बालाघाटच्या डोंगररांगांचा हा भाग. पाऊस बेताचा, रान बहुतेक ज्वारी-बाजरीचं. अहिल्यादेवी होळकरांचं जन्मगाव चौंडी याच तालुक्यातलं. १७९५ मध्ये मराठ्यांनी निजामाला हरवलं, ते खर्डाही इथलंच. इतिहासात मान मोठा. पण १९७० साली इथली एखादी बाई बाळंतपणात अडली, तर तिला बैलगाडीत घालायचं एवढंच घरच्यांच्या हाती होतं. गाडी न्यायची कुठं, हे कुणालाच ठाऊक नसायचं.

त्या वेळी या भागात जन्मलेल्या हजार बाळांमधली १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. म्हणजे साधारण सहा बाळांमागे एक. गावात याला कुणी आजार म्हणत नव्हतं. नशीब म्हणत, देवीचा कोप म्हणत, आणि पुढच्या खेपेची वाट बघत.

(पडद्यावर : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे.)

डॉ. रजनीकांत आरोळे राहुरीचे. डॉ. मेबल त्यांच्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या सहाध्यायी. १९६० मध्ये दोघांचं लग्न झालं, आणि आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचं हे तेव्हाच ठरलं. पहिली काही वर्षं त्यांनी नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काढली. रुग्णांची रीघ लागायची, शस्त्रक्रिया व्हायच्या, माणसं बरी होऊन घरी जायची. आणि काही महिन्यांनी तीच माणसं तेच दुखणं घेऊन परत यायची. जुलाबानं वाळलेलं मूल सलाईन लावून वाचवायचं, ते घरी जाऊन पुन्हा तेच गढूळ पाणी पिणार. त्या खाटा कितीही वाढवल्या तरी पुरणार नाहीत, हे वडाळ्यानं त्यांना दाखवलं.

मग अमेरिका. पुढचं वैद्यकीय प्रशिक्षण आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण. तिथं राहून गेले असते तर कुणी बोल लावला नसता. १९७० मध्ये ते जामखेडला आले.

पहिला दवाखाना थाटला तो जनावरांच्या जुन्या, वापरात नसलेल्या दवाखान्यात.

(पडद्यावर : रुग्णालयाचं आवार. ओट्यावर बसलेले नातेवाईक.)

सुरुवात उपचारांपासूनच झाली, कारण लोकांना उपचार हवे होते. हर्निया, मोतीबिंदू, अडलेली बाळंतपणं. पोटात दुखत असलेल्या माणसाला स्वच्छतेचं व्याख्यान देऊन चालत नाही, हे आरोळ्यांना पक्कं माहीत होतं. विश्वास आधी मिळवावा लागतो.

गावांत कायमची सेवा पोचावी म्हणून त्यांनी आधी प्रशिक्षित नर्स पाठवून पाहिल्या. ते जमलं नाही. शहराकडून आलेल्या तरुण मुली, परक्या गावात एकट्या. त्यांना तिथं राहणं अवघड, आणि गावातल्या सासवा त्यांचं ऐकेनात. तेव्हा एका गावच्या सरपंचानंच सुचवलं : आमच्याच गावातली बाई शिकवा की. ती कुठं जाणार नाही, आणि लोक तिचं ऐकतील.

जामखेडची खरी गोष्ट या सूचनेपासून सुरू होते.

गावांनी आरोग्य सेविका म्हणून बायका निवडल्या. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. बऱ्याच जणी दलित वस्तीतल्या, काही विधवा, काही नवऱ्यानं टाकलेल्या. गावानं ज्यांना आजवर काही विचारलं नव्हतं, अशा. आठवड्यातून दोन दिवस त्या जामखेडला मुक्कामाला यायच्या. नाव काय, म्हटलं तर अमक्याची आई, तमक्याची बायको, असं उत्तर मिळायचं. स्वतःचं नाव चारचौघांत मोठ्यानं घेण्यापासून शिक्षणाला सुरुवात झाली.

(पडद्यावर : गोल करून बसलेल्या सेविका. मध्ये चित्रफलक.)

पुस्तकं उपयोगाची नव्हती. म्हणून चित्रं, कापडी फलक, गाणी आणि भरपूर गप्पा. गरोदर बाईनं पोटभर खाल्लं तर बाळ मोठं होऊन अडतं, हा समज एकीनं सांगायचा, दुसरीनं त्यावर आपल्या घरचा अनुभव सांगायचा, आणि मग डॉ. मेबल यांनी गर्भाची वाढ कशी होते ते दाखवायचं. बाळंतिणीचा चीक पिळून टाकतात; तो बाळाला का पाजायचा? नाळेला शेण किंवा राख लावतात. त्यानं धनुर्वात कसा होतो? जुलाब लागले की पाणी तोडतात. ते का वाढवायचं? लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. एवढं जिला आलं, तिच्या गावातल्या कितीतरी बाळांचं मरण टळलं. यात औषधाच्या दुकानातलं काहीच नव्हतं.

आरोळ्यांची सगळ्यात मोठी कामगिरी मी इथं मानते. डॉक्टरकीचं ज्ञान हे डॉक्टरांचं राखीव कुरण आहे, असं त्यांनी धरलं नाही. गरोदर बाईची तपासणी, निर्जंतुक ब्लेड आणि दोरा वापरून बाळंतपण, दर महिन्याला मुलांची वजनं, कुष्ठरोगाचा बधिर चट्टा ओळखणं, क्षयाच्या रुग्णाला गोळ्या वेळेवर देणं, हे सगळं त्यांनी सेविकांच्या हाती दिलं. नुसतं दिलं नाही, तर दर आठवड्याला त्याची उजळणी घेतली. गावात काय घडलं, कोण आजारी पडलं, कुठं अडलं, हे सेविका सांगायच्या आणि त्यावरच पुढचा धडा व्हायचा. शिक्षण संपलं, प्रमाणपत्र मिळालं, असा दिवस या पद्धतीत येतच नाही.

डॉक्टर, नर्स आणि सामाजिक कार्यकर्ते यांचं फिरतं पथक गावागावांत जायचं. तिथं पुढारपण मात्र सेविकेचं. कुठल्या घरी जायचं, कुणाला आधी बघायचं, हे ती सांगणार आणि डॉक्टर तिच्या मागून चालणार. ज्या उंबऱ्याच्या आत तिला आजवर कधी घेतलं नव्हतं, त्या उंबऱ्याशी आता घरमालकीण तिची वाट बघत उभी असायची.

(पडद्यावर : हातपंपावर पाणी भरणाऱ्या बायका.)

आता पाण्याबद्दल आणि जातीबद्दल. आरोग्याच्या माहितीपटात जात कशाला, असं कुणाला वाटेल. पण जामखेडच्या गावांत पाणी आणि जात वेगळी काढताच येत नव्हती. सवर्णांची विहीर वेगळी, दलितांना पाणी वरून ओतून मिळणार. दूषित पाण्याचे आजार सगळ्यात जास्त कुठं होते, हे निराळं सांगायला नको.

१९७२ चा दुष्काळ आला. कूपनलिका घ्यायचं ठरलं, आणि आरोळ्यांनी जागा दलित वस्तीत धरायला लावल्या. पाणी लागलं. आता स्वच्छ पाणी हवं असेल तर साऱ्या गावानं हंडे घेऊन त्या वस्तीत जायला हवं. सुरुवातीला लोक घुटमळले, कुरबुर झाली, पण तहानेपुढं किती दिवस? भाषणांनी जे झालं नसतं ते त्या पंपानं केलं.

प्रशिक्षणातही हेच. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या, थंडीत एकाच मोठ्या गोधडीत निजायच्या. पहिल्या आठवड्यात कुणी आपला डबा वेगळा ठेवला असेल, तर तो फार दिवस वेगळा राहिला नाही.

हळूहळू पुरुषही जोडले गेले. शेतकरी मंडळं निघाली, बांधबंदिस्ती झाली, झाडं लागली. महिला मंडळांनी छोटी कर्जं मिळवून शेळ्या घेतल्या, भाजीपाल्याचे धंदे सुरू केले. शेळीचा आणि आरोग्याचा संबंध काय? हातात चार पैसे असलेली आई मुलाला दवाखान्यात न्यायला कुणाची परवानगी मागत बसत नाही.

(पडद्यावर : आकडे. १९७१ : १७६. १९७६ : ५२.)

पाच वर्षांत बालमृत्यूचं प्रमाण हजारी १७६ वरून ५२ वर आलं. नव्वदच्या दशकात ते विशीच्या आसपास उतरलं. लसीकरण जवळपास नव्हतंच, ते घरोघर पोचलं. या कामाच्या मुळाशी होत्या त्या निरक्षर बायका, हे जगाला पटायला वेळ लागला नाही. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं निरनिराळ्या देशांतल्या निवडक प्रयोगांची माहिती एकत्र प्रसिद्ध केली, तीत जामखेड होतं. १९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आता इथल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ हे उद्दिष्ट जगापुढं ठेवलं गेलं. त्याआधीच जामखेडच्या वस्त्यांमध्ये त्याची सुरुवात झाली होती. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये पद्मभूषण.

पण मला सांगायचंय ते १९८८ चं. मुक्ताबाई पोळ या जामखेडच्या आरोग्य सेविका वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. समोर देशोदेशींचे तज्ज्ञ. सभागृहातले झगमगते दिवे दाखवून त्या म्हणाल्या की डॉक्टर या दिव्यांसारखे आहेत, सुंदर पण महाग आणि हाती न येणारे. आपण साधी पणती. पण एका पणतीनं दुसरी लावता येते. सारं सभागृह उठून उभं राहिलं असेल-नसेल, तो भाग गौण आहे. ज्या बाईला एके काळी गावच्या चावडीसमोर मान वर करायची मुभा नव्हती, ती जगाच्या आरोग्यव्यवस्थेला तिचं काय चुकतंय ते समजावून सांगत होती.

(पडद्यावर : रुग्णालयातली कृत्रिम पायांची कार्यशाळा.)

रुग्णालयाच्या आवारातही तोच नेम चालला. जयपूर फूट बनवण्याचं काम इथं स्थानिक कारागीर करतात. कामातली माणसं शक्यतो परिसरातली, शिकवून तयार केलेली. जगभरातून डॉक्टर, विद्यार्थी आणि अधिकारी इथं शिकायला येतात, आणि त्यांच्यापुढं बोलायला अनेकदा सेविकाच उभ्या असतात.

डॉ. मेबल १९९९ मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ मध्ये. काम थांबलं नाही. मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी यांनी ते पुढं नेलं. आजारही बदलले. जुलाब आणि गोवर यांची जागा रक्तदाब आणि मधुमेहानं घेतली, मनाच्या आजारांबद्दल बोलायची गरज वाढली. सेविका तेही शिकल्या. आता त्यांच्या पिशवीत रक्तदाब मोजायचं यंत्र असतं.

(पडद्यावर : गावातल्या रस्त्यानं निघालेली आशा कार्यकर्ती.)

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि देशभर ‘आशा’ कार्यकर्ती उभी राहिली. साधारण हजार लोकवस्तीमागे एक. जामखेड आणि गडचिरोलीसारख्या ठिकाणचे अनुभव यामागं होते. आज देशात सुमारे १० लाख आशा आहेत, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा गौरव केला. तो त्यांनी पुरेपूर कमावलेला आहे.

मात्र जामखेडची एक गोष्ट सरकारनं पूर्ण उचललेली नाही. आशाताईंच्या वाट्याला आली ती मुख्यतः नोंदवह्यांची, सर्वेक्षणांची आणि रुग्णाला दवाखान्यात पोचवण्याची कामं, आणि कामागणिक मिळणारा तुटपुंजा मोबदला. त्या मोबदल्यासाठी त्यांना पुन्हा पुन्हा आंदोलन करावं लागतं. आपला अनुभव घेऊन दर आठवड्याला बसायची जागा, तिथं तिचं ऐकून त्यावर शिकवणारा डॉक्टर, आणि गावात उपचार करण्याचा अधिकार हे तिला हवं आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याचा एक दिवस यासाठी राखून ठेवता येईल. जागा आहे, डॉक्टर आहेत, आशाताई तर आहेतच. जामखेडला सुरुवात झाली तेव्हा यातलं निम्मंही नव्हतं.