तळटीपांचे आकडे मॅक्रोने जागेवर आणा

नमस्कार मंडळी. वडशाहून बोलतोय. मंडईचे, म्हणजे इकडच्या जत्रेचे दिवस आहेत, मागून लाऊडस्पीकर ऐकू आला तर सांभाळून घ्या.

स्क्रीनवर वर्डमध्ये उघडलाय तो झाडीपट्टी रंगभूमीवरचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांवरचा प्रबंध. त्याचं आता पुस्तक होतंय. हे वाक्य बघा: ‘मंडईच्या रात्री नाटक पहाटेपर्यंत चालतं’, मग तळटीपेचा आकडा, मग पूर्णविराम. पुढच्या ओळीत आकडा स्वल्पविरामानंतर. त्याखाली शब्द, मोकळी जागा आणि मग आकडा. लिहिणाऱ्या ताईंचा दोष नाही, प्रबंध वर्षानुवर्षं लिहिला जातो आणि सवयी बदलतात.

या प्रकाशकाला आकडा विरामचिन्हानंतर हवा, तोही चिकटून. फ्रेंच पुस्तकांत नेमकं उलटं असतं, आकडा चिन्हाच्या आधी. म्हणून आधी विचारून घ्या.

हात लावण्याआधी एक तपासणी. आकड्यावर डबल-क्लिक करा. वर्ड तुम्हाला खाली टिपेपाशी घेऊन गेलं, तर तळटीप खरी. काहीच झालं नाही, तर डीटीपीवाल्या भाऊंनी आकडा टाइप करून नुसता वर उचललाय. तिथे आजची युक्ती चालणार नाही, त्या टिपा एकेक करून नव्याने घालाव्या लागतील.

आता मुख्य काम. ट्रॅक चेंजेस, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद दाखवणारी वर्डची सोय, बंद करा. हे विसरलात तर प्रत्येक टीप एकदा खोडलेली आणि एकदा घातलेली दिसेल, आणि ते निस्तरण्यापेक्षा हाताने केलेलं बरं. फाईलची एक प्रतही बाजूला ठेवा.

कंट्रोल+एच दाबा, ‘मोअर’मध्ये जाऊन ‘युज वाइल्डकार्ड्स’वर, म्हणजे खुणांच्या नमुन्याने शोधण्याच्या सोयीवर, खूण करा. शोधायच्या चौकटीत हे लिहा:

(^2)([.,;:])

आणि बदलायच्या चौकटीत:

\2\1

^2 म्हणजे तळटिपेचं चिन्ह. पहिल्या कंसात ते, दुसऱ्या कंसात त्याच्यामागून येणारं विरामचिन्ह. बदलताना आपण फक्त दोघांची अदलाबदल करतोय. आकडा सरकतो तशी खालची टीपही त्याच्यासोबत जाते, मजकूर हरवत नाही.

पण थांबा, लगेच ‘रिप्लेस ऑल’ दाबू नका. पानाच्या तळाशी, टिपेच्या सुरुवातीलाही तेच चिन्ह असतं. तिथे कुणी आकड्यापुढे टिंब दिलं असेल, तर तेही उलटेल. म्हणून कर्सर मुख्य मजकुरात ठेवून आधी कंट्रोल+ए, मगच ‘रिप्लेस ऑल’. बाकीच्या फाईलमध्येही शोधू का, असं वर्डने विचारलं की ‘नो’.

अवतरणचिन्ह, प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह हवं असेल तर चौकोनी कंसात घाला, फक्त शेवटच्या दोघांआधी उलटी तिरकी रेघ द्या, कारण वाइल्डकार्डमध्ये त्यांना वेगळा अर्थ आहे. पूर्णविराम आणि अवतरणचिन्ह लागोपाठ असतील तर शोध पुन्हा एकदा चालवा. एका फेरीत आकडा एकच घर पुढे जातो. आकड्याआधीची मोकळी जागा काढायला वेगळा शोध: आधी एक स्पेस, मग (^2), आणि बदलायला \1.

डॅश मी मुद्दाम यादीत घेत नाही. आकडा डॅशच्या आधीच बरा दिसतो. गोल कंसही नाही, कारण टीप कधी कंसातल्या एकाच नावावर असते, आणि ते मॅक्रोला, म्हणजे वर्डने लक्षात ठेवून आपोआप केलेल्या पायऱ्यांना, कसं कळणार?

हे सगळं जमलं की ‘व्ह्यू’मध्ये ‘मॅक्रोज’, तिथे ‘रेकॉर्ड मॅक्रो’. कंट्रोल+एपासून सगळ्या पायऱ्या एकदा करा, रेकॉर्डिंग थांबवा. पुढच्या फाईलला आल्ट+एफ८ दाबून तोच चालवायचा. चालवल्यावर एखादा स्वल्पविराम आकड्यासारखा वर चढलाय का, ते डोळ्यांनी पाहा.

आता आपल्याकडची खरी अडचण, कृतिदेव, म्हणजे युनिकोड नसलेला जुना देवनागरी फॉन्ट. त्या फॉन्टमध्ये दिसणारा पूर्णविराम आतून - असतो आणि स्वल्पविराम असतो ]. वरचा शोध त्यांना ओळखतच नाही. टिंबाची कळ तर तिथे अर्धा ण देते! म्हणून दोन वेगळे शोध करा, (^2)(-) आणि (^2)(\]). बदलायला तेच \2\1. पण मजकुरात इंग्रजी नावं असतील तर पहिल्या शोधात ‘रिप्लेस ऑल’ नको, एकेक बघत जा, कारण तिथली आडवी रेघ खरीच आडवी रेघ असते.

आणि मजकूर युनिकोडमध्ये नेण्याआधीच हे उरकायला हवं असं नाही, पण तो नेताना कॉपी करून वेबसाइटच्या कन्व्हर्टरमध्ये मात्र टाकू नका. तिथून परत येतो तो साधा मजकूर, त्यात एकही जिवंत तळटीप उरत नाही.